वाट खरी, गाव खोटं



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते सर इतिहास शिकवायचे आणि सिनेमाचे अट्टल दर्दी होते. ऐतिहासिक सिनेमा बघून आलेल्या विद्यार्थ्याला ते एकच विचारत: "त्यात कोण नव्हतं ते सांग." आज मी एका जुन्या अमेरिकन सिनेमाबद्दल बोलणार आहे. त्यातही मला बोलायचंय ते मुख्यतः सिनेमात नसलेल्या माणसांबद्दल. पण त्याआधी जी माणसं आहेत त्यांच्याविषयी भरपूर बोलीन, कारण सिनेमा उत्तम आहे. उत्तम नसता, तर त्याच्यावर तासभर घालवण्याचं कारणच नव्हतं.

सिनेमाचं नाव 'नॉर्थवेस्ट पॅसेज'. साल १९४०, कंपनी एमजीएम, दिग्दर्शक किंग व्हिडोर, नायक स्पेन्सर ट्रेसी. नाव ऐकून वाटतं की ही समुद्रपर्यटनाची गोष्ट असणार. अटलांटिकमधून निघून उत्तर अमेरिकेच्या डोक्यावरून पॅसिफिकमध्ये उतरणारा जलमार्ग सापडावा म्हणून युरोपातल्या दर्यावर्दींनी काही शतकं जिवाचं रान केलं, त्या मार्गाचं हे नाव. सिनेमा दोन तासांहून थोडा मोठा आहे आणि त्यात हा मार्ग कुणीही शोधत नाही. शेवटच्या काही मिनिटांत नायक सांगतो की आता आपण तो शोधायला निघालो, आणि पडदा पडतो. वारीवर सिनेमा काढावा आणि पालखी आळंदीहून हलायच्या आत तो संपावा, तशातली गत.

याला कारण आहे. केनेथ रॉबर्ट्स या मेन राज्यातल्या लेखकाची याच नावाची जाडजूड कादंबरी १९३७ मध्ये आली. त्या वर्षी अमेरिकेत 'गॉन विथ द विंड'च्या खालोखाल तीच खपली. कादंबरीचे दोन भाग: पहिल्या भागात एक लष्करी स्वारी, दुसऱ्यात त्या स्वारीच्या नायकाची लंडनवारी, जलमार्गाचा ध्यास आणि अधःपात. व्हिडोर पहिल्या भागाचं चित्रीकरण करत राहिला, दुसऱ्या भागाची पटकथा आज येईल उद्या येईल म्हणून वाट पाहिली, ती आलीच नाही. खर्च हाताबाहेर गेला होता. स्टुडिओने आहे तेवढ्यावर शेवट जोडून घेतला; तो शेवटही दुसऱ्याच दिग्दर्शकाने, जॅक कॉनवेने, चित्रित केला. श्रेयनामावलीत 'भाग पहिला' असं इमानदारीने छापलेलं आहे. भाग दुसरा कधीच निघाला नाही.

आता स्वारीकडे येतो. १७५४ ते १७६३ या काळात उत्तर अमेरिकेत इंग्रज आणि फ्रेंच एकमेकांच्या उरावर बसले होते. त्याच भांडणाची दुसरी टोकं आपल्याकडे पलाशीला आणि वांदिवाशला होती, म्हणजे हा प्रकार आपल्याला अगदीच परका नाही. फ्रेंचांची वस्ती आजच्या क्युबेकमध्ये, इंग्रजांची न्यू इंग्लंडमध्ये. मधे शेकडो मैल जंगल, सरोवरं, नद्या. त्या जंगलात लाल डगल्यातली, रांगेत उभं राहून बंदुका झाडणारी पलटण कुचकामी ठरली. म्हणून इंग्रजांनी सरहद्दीवरच्या शेतकऱ्या-शिकाऱ्यांमधून हिरव्या डगल्यांची 'रेंजर' पथकं उभी केली. ज्याला आपण गनिमी कावा म्हणतो तो ही माणसं मूळ रहिवाशांकडूनच शिकली होती.

त्यांचा म्होरक्या रॉबर्ट रॉजर्स. जन्म १७३१, मॅसॅच्युसेट्समधला. वाढला न्यू हॅम्पशायरच्या सरहद्दीवर. उंच, धिप्पाड, बोलघेवडा, आणि पैशाच्या बाबतीत कच्चा. १७५५ मध्ये बनावट चलनाच्या प्रकरणात त्याचं नाव आलं होतं. पण सैन्याला माणसं भरती करून देणारा हवाच होता, तेव्हा ते प्रकरण मागे पडलं. चार वर्षांनी हाच माणूस मेजर होता.

१३ सप्टेंबर १७५९ रोजी जनरल ॲमहर्स्टने शँप्लेन सरोवराकाठच्या क्राउन पॉइंटवरून रॉजर्सला हुकूम दिला: उत्तरेला जाऊन सेंट फ्रान्सिस नदीकाठचं अबेनाकी लोकांचं गाव नष्ट कर. योगायोग असा, की त्याच दिवशी तिकडे क्युबेक शहराबाहेर वुल्फ आणि माँकाम हे दोन्ही सेनापती मरणाची जखम घेऊन पडले होते आणि युद्धाचा निकाल जवळजवळ लागला होता. क्राउन पॉइंटला ते कळायला वेळ लागणार होता.

अबेनाकी कोण? आजच्या मेन, न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट या राज्यांच्या जमिनीचे मूळ रहिवासी. इंग्रज वसाहती पसरत गेल्या तशी त्यांच्यातली पुष्कळ कुटुंबं उत्तरेला सरकली आणि सेंट फ्रान्सिसकाठी फ्रेंच जेझुइटांच्या चर्चभोवती वसली. त्या गावाचं त्यांचं नाव ओडानाक. तिथून फ्रेंचांच्या साथीने ते इंग्रज वस्त्यांवर छापे घालत, माणसं मारत, पकडून नेत. हे खरं आहे आणि ते झाकायचं कारण नाही. न्यू इंग्लंडमधल्या घराघरांत सेंट फ्रान्सिस या नावाची दहशत होती.

रॉजर्स सुमारे दोनशे माणसं घेऊन निघाला. सरोवराच्या उत्तर टोकाला होड्या लपवल्या, त्या फ्रेंचांना सापडल्या, परतीचा रस्ता तुटला. मग तो नऊ दिवस पाण्यात बुडालेल्या जंगलातून चालला, नदी उतरला, आणि ४ ऑक्टोबरला पहाटे उजाडायच्या अर्धा तास आधी गावावर तुटून पडला. तोवर बरोबर सुमारे एकशे चाळीस माणसं उरली होती.

सिनेमाचा पहिला तासभर म्हणजे ही वाट, आणि इथे व्हिडोरचा हात धरणारं कुणी नाही. नायक दोन आहेत: रॉजर्स, आणि लँगडन टाउन नावाचा हार्वर्डमधून काढून टाकलेला, चित्रकार व्हायला निघालेला तरुण. तो काल्पनिक आहे. रॉबर्ट यंगने ते काम केलंय. त्याला चित्र काढता येतं म्हणजे नकाशा काढता येईल, असा हिशेब करून रॉजर्स त्याला खानावळीत दारू पाजून पथकात ओढतो. एकदा पथक हाललं की गप्पा संपतात आणि अंगमेहनत सुरू होते.

फ्रेंच जहाजांची नजर चुकवायला रेंजर आपल्या जड होड्या दोर लावून डोंगरावर चढवतात आणि पलीकडे उतरवतात. हा प्रसंग रचलेला वाटतो, पण तो घडला होता. फक्त या स्वारीत नाही. १७५६ च्या उन्हाळ्यात रॉजर्सने पाच होड्या सुमारे सहा मैल डोंगरावरून वाहून नेल्या होत्या. तीन वर्षं जुना पराक्रम कथेने उचलून इथे आणला. माझी त्याला हरकत नाही. गोष्ट सांगणाऱ्याने एवढी मुभा घ्यावीच.

मग दलदल. कमरेएवढ्या पाण्यातून दिवसभर चालायचं आणि रात्री कोरडी जमीनच नाही, म्हणून झाडांच्या फांद्यांवर अंग टाकायचं. रॉजर्सच्या वृत्तान्तातही फांद्या तोडून पाण्यावर निजण्यापुरते माच बांधल्याचा उल्लेख आहे. आणि मग नदी.

या नदीपाशी मला थोडं थांबू द्या. पात्र रुंद, ओढ जबरदस्त, तराफा करावा तर कुऱ्हाडीचा आवाज गावापर्यंत जाणार. रॉजर्स हातात हात अडकवून माणसांची साखळी करायला सांगतो आणि स्वतः पाण्यात उतरतो. एकामागून एक माणूस जोडला जातो. पाणी छातीशी येतं, साखळी मधेच धनुष्यासारखी वाकते, आणि या जिवंत कठड्याच्या आधाराने बाकीचे पार होतात. हेही वृत्तान्तात आहे: उंच माणसं प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवून, एकमेकांना धरून आम्ही उतरलो, असं रॉजर्सने नोंदवलंय. पण त्याची नोंद दोन ओळींची आहे. व्हिडोरने तिचा सोहळा केला. आयडाहो राज्यात पेएट सरोवराच्या परिसरात बर्फासारख्या पाण्यात नटांना उभं केलं, आणि धोक्याचा भाग नंतर स्टुडिओतल्या हौदात पुरा केला. ट्रेसी या प्रकाराने वैतागला होता म्हणतात. पडद्यावर तो वैताग कामी आलाय.

ही साखळी व्हिडोरला अचानक सुचलेली नाही. १९२५ च्या 'द बिग परेड' या मूकपटात पहिल्या महायुद्धातले सैनिक जंगलातून गोळीबाराच्या दिशेने चालत जातात. तिथे व्हिडोरने नटांना ठोक्यावर चालवलं. मेट्रोनोम लावून, ढोलावर ताल धरून, प्रत्येक पाऊल आणि प्रत्येकाचं कोसळणं त्या तालात बसवलं. १९३४ च्या 'अवर डेली ब्रेड'मध्ये बेकार माणसं शेताला पाणी आणण्यासाठी चर खणतात, त्यात कुदळ-फावडी तशीच तालात पडतात. अनेक देहांचा मिळून एक देह होणं हा या दिग्दर्शकाचा जन्मभराचा विषय. नदीतली साखळी त्याच घराण्यातली. शिवाय 'द बिग परेड'ची कथा लिहिणारा लॉरेन्स स्टॉलिंग्ज इथेही पटकथेला होता. स्टॉलिंग्ज पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये बेलो वुडच्या लढाईत जखमी झाला आणि पुढे त्याचा पाय कापावा लागला. थकलेल्या सैनिकाचं अंग कसं वागतं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

त्यात रंग. त्या वेळचा टेक्निकलरचा कॅमेरा म्हणजे एक धूडच: आत लोलक, प्रकाशाच्या वाटण्या, तीन वेगळ्या फिती एकाच वेळी धावतायत. तो उचलून जंगलात, चिखलात, पाण्याच्या काठावर नेणं हे होड्या डोंगरावर चढवण्यापेक्षा फार सोपं नसावं. ओल्या कातड्याचा तपकिरी रंग, सूचिपर्णी झाडांचा काळपट हिरवा, पहाटेचं करडं पाणी, हे आजही बघत राहावं असं आहे. रंगीत छायाचित्रणासाठी ऑस्करला नामांकन मिळालं होतं. बक्षीस 'द थीफ ऑफ बगदाद'ने नेलं.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. या तासाभरात प्रेक्षकाला एक खात्री पटते: ही माणसं खोटं बोलत नाहीत. पाणी खरं आहे, दमणं खरं आहे, भूक खरी आहे. ही खात्री पदरात घेऊनच आपण गावाच्या वेशीवर पोचतो. आणि तिथे जे दाखवलं जातं त्यावर आपण आधीच विश्वास ठेवून बसलेले असतो.

दाखवलं काय जातं? झोपलेलं गाव घेरलं जातं, घरं पेटतात, पळणारे लोक दबा धरलेल्या रांगेच्या गोळ्यांना बळी पडतात. दृश्य लांबलचक आहे आणि कारागिरी अव्वल. हल्ल्याच्या आधी एक रेंजर आपल्या नातलगांना अबेनाकींनी कसं हालहाल करून मारलं त्याची कहाणी सांगतो. ती ऐकवण्याचा हेतू उघड आहे; पुढच्या दहा-पंधरा मिनिटांची माफी आगाऊ मिळवून ठेवायची. गावातल्या कुणाशी आपली ओळख करून दिली जात नाही. त्यांचं स्वयंपाकपाणी, त्यांची म्हातारी माणसं, त्यांची शेतं यांतलं काही आपल्या वाट्याला येत नाही.

कागदपत्रं काय म्हणतात? ॲमहर्स्टच्या हुकमात सूड घ्या असं म्हटलंय, आणि त्याच हुकमात स्त्रिया व मुलांना मारू नये की इजा करू नये असंही स्पष्ट लिहिलंय. हाच ॲमहर्स्ट चार वर्षांनी पाँटिअ‍ॅक या मूळ रहिवाशांच्या म्होरक्याच्या उठावात, त्याच्या लोकांमध्ये देवीची साथ पसरवता येईल का अशी पत्रं लिहीत होता, तेव्हा त्याच्या दयाळूपणाबद्दल गैरसमज नको. तरी हुकूम हुकूम होता. रॉजर्सने परतल्यावर कळवलं की किमान दोनशे शत्रू मारले. फ्रेंचांच्या नोंदींत मृतांचा आकडा तीसच्या आसपास आहे आणि त्यांतली बहुतेक बायका-मुलं. रॉजर्सने असंही लिहिलं की दारांवरच्या खांबांना इंग्रजांच्या सुमारे सहाशे टाळू लटकत होत्या. त्या मोजायला दुसरं कुणी नव्हतं. पण टाळू सोलण्याचा बाजार एकतर्फी नव्हता. १७५५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सरकारने अबेनाकींचे भाऊबंद असलेल्या पेनॉबस्कॉट लोकांविरुद्ध जाहीरनामा काढला, त्यात दर छापले आहेत: पुरुषाच्या टाळूला ४० पौंड, बाईच्या किंवा बारा वर्षांखालच्या मुलाच्या टाळूला २० पौंड. हा जाहीरनामा सिनेमात नाही.

एक छोटं पात्र मात्र आहे, आणि माझ्या मते सगळ्या सिनेमाची शिवण तिथेच उसवते. गावात एक गोरी बाई सापडते, जेनी कॉइट. अबेनाकींनी लहानपणी पळवलेली. रेंजर तिला 'सोडवतात', तर ती त्यांच्यावर किंचाळते, शिव्याशाप देते. सिनेमा तिला बिघडलेली, वेडसर ठरवून पुढे जातो. ती का ओरडते हे विचारायला पटकथेला सवड नाही.

याचं उत्तर एका खऱ्या बाईच्या पुस्तकात आहे. सुझाना जॉन्सन. न्यू हॅम्पशायरच्या सरहद्दीवर 'नंबर फोर' नावाचा किल्ला होता, आजचं चार्ल्सटाउन. ऑगस्ट १७५४ मध्ये अबेनाकींनी तिला नवरा-मुलांसकट तिथून पकडून नेलं. ती दिवस भरलेली होती. दुसऱ्याच दिवशी जंगलात बाळंत झाली, आणि मुलीचं नाव ठेवलं 'कॅप्टिव्ह'. सेंट फ्रान्सिसला ती गिल कुटुंबात राहिली. कुटुंबप्रमुख जोसेफ-लुई गिल याचे आईवडील दोघंही लहानपणी पळवून आणलेली इंग्रज मुलं. तो स्वतः मात्र जन्माने-वाढीने अबेनाकी आणि गावचा मुखिया. रूढीप्रमाणे सुझाना त्या घरातली बहीण ठरली. घरात सबॅटिस नावाचा मुलगा होता, तो तिच्यासाठी गाई वळवून आणायचा. पुढे ती फ्रेंचांच्या हाती गेली, तुरुंग भोगला, हालअपेष्टा काढल्या, सुटली आणि ऑक्टोबर १७५९ मध्ये चार्ल्सटाउनला परत पोचली. नेमक्या त्याच दिवसांत रॉजर्स स्वारीवरून तिथे येऊन थडकला. त्याच्याबरोबर एक कैदी अबेनाकी मुलगा होता. सुझानाला बघताक्षणी त्याने हंबरडा फोडला, माझी बहीण, माझी बहीण. तो सबॅटिस होता. गिलची बायकोही पकडली गेली होती; ती या परतीच्या वाटेवर जिवंत राहिली नाही.

सुझानाने हे सगळं १७९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत सांगितलंय. अबेनाकींनी केलेल्या क्रौर्याचंही वर्णन त्यात आहे, ती काही त्यांची वकील नव्हती. पण ज्या माणसांनी पळवलं त्यांनीच पुढे घरचं मानलं, आणि ज्यांनी सूड उगवला त्यांच्या तावडीत आपला धाकटा भाऊ दिसला, ही गाठ तिने सुटी न करता तशीच ठेवली. हॉलिवूडला ही गाठ पेलली नसती. १९४० मध्ये तर नाहीच.

परतीच्या वाटेवर सिनेमा पुन्हा खरा होतो, हे कबूल करायलाच हवं. खायला काही नाही, पाठीवर शत्रू, पथकाच्या तुकड्या फुटतात. क्रॉफ्टन नावाच्या रेंजरचं डोकं फिरतं. त्याच्या पिशवीत मेलेल्या अबेनाकीचं मुंडकं असतं आणि तो ते चोरून खात असतो. सेन्सॉरच्या त्या सोवळ्या दिवसांत हे पडद्यावर कसं गेलं याचं मला नवल वाटतं. प्रत्यक्षातही भुकेने वेडी झालेली माणसं नरमांसापर्यंत पोचली होती, आणि पन्नासच्या आसपास रेंजर घरी परतले नाहीत. हल्ल्यात मेला तो एकच. बाकीचे या वाटेने खाल्ले.

शेवट मात्र गोड केला आहे. ओसाड किल्ल्यात माणसं मरणाच्या टेकीला आलेली, आणि तेवढ्यात ढोल-बासरी वाजवत इंग्रज पलटण शिधा घेऊन हजर. प्रत्यक्षात शिधा घेऊन निघालेला लेफ्टनंट स्टीव्हन्स ठरलेल्या जागी आला, थोडं थांबला, आणि कुणी येत नाही म्हणून शिधा घेऊन परत फिरला. रॉजर्स पोचला तेव्हा त्याची शेकोटी अजून धुमसत होती. रॉजर्सने मग तराफा बांधला, जखमी कॅप्टन ऑग्डेन आणि एक अबेनाकी मुलगा यांना घेऊन नदीने खाली गेला, ३१ ऑक्टोबरला नंबर फोरला पोचला आणि मागे राहिलेल्यांसाठी होडीने अन्न धाडलं. स्टीव्हन्सला नोकरीतून काढलं. ही हकिकत सिनेमापेक्षा थरारक आहे. तिच्यात दोष आपल्याच सैन्याचा आहे, आणि नायकाला वाचवणारी वाद्यं नाहीत.

आता ओडानाक. गाव जळलं, पण संपलं नाही. पुन्हा बांधलं गेलं आणि आजही क्युबेकमध्ये पिएरव्हिलजवळ ते आहे. तिथलं अबेनाकी संग्रहालय १९६५ पासून चालू आहे. गॉर्डन डे नावाचे एक अभ्यासक अबेनाकी भाषा शिकून या गावात वर्षानुवर्षं जात राहिले. तिथल्या वृद्धांनी त्यांना त्या रात्रीची गोष्ट सांगितली, आज्यांकडून आज्यांकडे चालत आलेली. १९७२ मध्ये डे यांनी ती प्रसिद्ध केली.

गोष्ट अशी. सभाघरात नाच चालला होता. एक मुलगी जरा हवा खायला बाहेर आली. अंधारात एक परका माणूस उभा. त्याची भाषा थोडी वेगळी, पण कळण्यासारखी. तो म्हणाला, भिऊ नकोस. शत्रू जंगलात आहेत, पहाटे चाल करून येतील, आपल्या लोकांना सांग. तिने आत जाऊन सांगितलं. काहींनी ऐकलं, काहींनी पोरीचं बोलणं म्हणून सोडून दिलं. ज्यांनी ऐकलं त्यांनी रातोरात मुलाबाळांना घळीत नेऊन लपवलं. एका बापाने तिथे मुलं मोजली तर एक कमी. तो परत धावला. काळोख्या घरात ती छोटी एकटीच बसून गाणं म्हणत होती. त्याने तिला उचललं आणि पळत सुटला.

यातली ऐतिहासिक गंमत बघा. हल्ल्याच्या आदल्या संध्याकाळी गावात नाच चालला होता, हे रॉजर्सच्या वृत्तान्तातही आहे. त्याने तो लपून पाहिला होता. ओडानाकच्या आज्यांनी काही त्याचं पुस्तक वाचून गोष्ट रचलेली नव्हती. रॉजर्सच्या पथकात स्टॉकब्रिजचे मोहिकन लोक वाटाडे होते. त्यांची भाषा अबेनाकीच्या नात्यातली. तो अंधारातला परका त्यांच्यापैकी एक असावा असं परंपरा सांगते. आणि हल्ल्यात रॉजर्सच्या बाजूचा जो एकमेव माणूस मेला, तो मोहिकनच होता. दोनशे आणि तीस या आकड्यांमधली दरीही इथे बरीचशी भरून निघते: रॉजर्सने जाळलेल्या घरांतली पुष्कळशी रिकामी होती. लेखी पुरावा भक्कम आणि तोंडी परंपरा पोकळ, असं शिकलेल्या आपल्यासारख्यांनी या एका रात्रीचा अभ्यास करावा.

पडद्यावर अबेनाकी म्हणून आयडाहोतल्या नेझ पर्स समाजातली माणसं घेतली होती. १८७७ मध्ये अमेरिकन सैन्य पाठीवर घेऊन नेझ पर्स बायका-पोरांसह हजार मैलांहून जास्त डोंगरदऱ्या तुडवत कॅनडाकडे निघाले होते. सरहद्द चाळीसेक मैलांवर असताना त्यांना घेरण्यात आलं. १९३९ साली सिनेमात उभ्या राहिलेल्या काहींनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ती चाल ऐकलेली असणारच. उपाशी, थकलेल्या, पाठलागावर असलेल्या माणसांची कूच हा ज्या सिनेमाचा विषय, त्यात त्यांना काम मिळालं ते जळणाऱ्या गावातून पळण्याचं.

कादंबरीकडे पुन्हा एकदा येतो, कारण तिने आणखी एक करामत केली आहे. रॉजर्सने १७५७ मध्ये रेंजरांसाठी अठ्ठावीस नियम लिहिले. अठराव्या शतकातली लांबलचक, शिस्तशीर वाक्यं. रॉबर्ट्सने कादंबरीत एका अडाणी सार्जंटच्या तोंडी त्यांची रांगड्या बोलीतली आवृत्ती घातली: बंदूक साफ ठेव, कुऱ्हाड घासून ठेव, हरणावर टपल्यासारखा चाल, वगैरे. ती लोकांना इतकी आवडली की पुढे अमेरिकन लष्कराच्या रेंजर पुस्तिकेत ती 'रॉजर्सचे १७५९ चे स्थायी आदेश' म्हणून छापली गेली. खऱ्या सैनिकांना काल्पनिक सार्जंटचे संवाद इतिहास म्हणून शिकवले गेले. त्या आदेशांत एक असा आहे: आपण काय पाहिलं ते आपल्या अधिकाऱ्याला खरंखरं सांगा, बाहेरच्यांना मात्र रेंजरांबद्दल हव्या तेवढ्या थापा मारल्या तरी चालतील. रॉबर्ट्सला १९५७ मध्ये त्याच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठी पुलित्झरचं विशेष मानपत्र मिळालं. आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतले किती संवाद शाळेच्या भाषणांत अस्सल म्हणून ठोकले जातात याची यादी मी इथे देत नाही. श्रोत्यांत शिक्षक बरेच दिसतायत.

आता न निघालेला दुसरा भाग, थोडक्यात. रॉजर्स लंडनला गेला. १७६५ मध्ये त्याची रोजनिशी आणि उत्तर अमेरिकेची माहिती देणारं पुस्तक छापून आलं, नाव झालं. १७६६ मध्ये 'पाँटिअ‍ॅक' नावाचं एक नाटक आलं, ते त्याचं मानलं जातं. त्यात मूळ रहिवाशांना फसवणारे व्यापारी, त्यांना चेष्टेवारी मारणारे शिकारी आणि मग्रूर इंग्रज अधिकारी आहेत, आणि सहानुभूती आहे ती बंडखोर पाँटिअ‍ॅकविषयी. ओडानाक जाळणाऱ्या माणसाच्या नावावर हे नाटक आहे! मला रॉजर्समध्ये सगळ्यांत रस वाटतो तो इथे. नाटक त्या काळी रंगभूमीवर आलं नाही. त्यानंतर मिशिलिमॅकिनॅकच्या ठाण्याचा प्रमुख म्हणून त्याने जलमार्ग शोधायला माणसं धाडली. १७६७ च्या अखेरीस राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यालाच बेड्या पडल्या. पुढल्या वर्षी मॉन्ट्रियलच्या लष्करी न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं, पण कर्जांनी सोडलं नाही. लंडनमध्ये कर्जबुडव्यांचा तुरुंग, मग अमेरिकन क्रांतीत वॉशिंग्टनचा त्याच्यावर अविश्वास, मग इंग्रजांच्या बाजूने रेंजर पथक. अमेरिकेच्या पाठ्यपुस्तकांत हुतात्मा म्हणून गाजलेल्या नेथन हेल या हेराला गोड बोलून जाळ्यात पकडणारा रॉजर्सच. १७७८ मध्ये बायकोने काडीमोड घेतला. १७९५ मध्ये लंडनमध्ये तो कंगाल अवस्थेत मेला. इंग्रजांच्या बाजूने लढलेला, दारूत बुडालेला, कर्जबाजारी नायक अमेरिकन प्रेक्षकाला विकायचा कसा, हा प्रश्न एमजीएमला पडलाच असणार. दुसऱ्या भागाची पटकथा वेळेवर न येण्यामागे पैशाची तंगी होती, तशी ही अडचणही असावी, असा माझा तर्क आहे.

ओडानाकच्या बाजूने कॅमेरा हातात घेतला तो अ‍ॅलानिस ओबोमसाविन यांनी. जन्म १९३२, बालपण याच गावात. आधी गायिका आणि कथा सांगणाऱ्या. १९६७ पासून कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात. १९९० मध्ये मोहॉक लोकांच्या स्मशानभूमीवर गोल्फचं मैदान वाढवण्यावरून सैन्य आलं, तेव्हा त्या वेढ्याच्या आत राहून चित्रीकरण करत होत्या. त्यातून १९९३ चा 'कानेसाताके' हा माहितीपट झाला. २००६ मध्ये त्यांनी आपल्या लोकांवर 'वाबान-आकी' केला. टोपल्या विणणारे हात, बर्च झाडाच्या सालीची होडी बांधणारी माणसं, आणि कायद्याने कुणाला अबेनाकी म्हणायचं यावरून घरांत पडणारी फूट. रॉजर्सच्या सिनेमात गावाचे जे दिवस नाहीत, ते इथे आहेत. हा माहितीपट बघताना व्हिडोरची नदी आठवत नाही, हे मला फार बरं वाटलं.

या शहरात दोन फिल्म सोसायट्या आहेत, दोन्हींचे चालक आज पहिल्या रांगेत बसलेत. त्यांना माझी विनंती आहे की एका रविवारी हे दोन्ही सिनेमे लागोपाठ दाखवावेत, आधी 'नॉर्थवेस्ट पॅसेज', मग 'वाबान-आकी'. चारेक तासांचा कार्यक्रम होईल. मधे चहा ठेवा, पण चर्चा ठेवू नका. चर्चा दुसरा सिनेमा झाल्यावर. आता कुणाला काही विचारायचं असेल, तर कार्यवाह ध्वनिक्षेपक घेऊन तुमच्याकडे येतील.